कुदळ कोणाच्या हाती, सातबारा कोणाच्या नावे?

मातीत हात घातल्याने माणूस घडतो, असे अमेरिकेतील शाळा आणि सामुदायिक बागा आपल्याला आवर्जून सांगत असतात. वाफा तयार करणाऱ्या मुलात धीर येतो, पाण्याची पाळी सांभाळताना त्याला जबाबदारी कळते, चौघांच्या सोबतीने काम करताना ते बोलायला, ऐकून घ्यायला आणि जुळवून घ्यायला शिकते, असा हा विचार आहे. विचार खोटा नाही. परंतु आंबेडकरी घरात तो सहजासहजी उतरत नाही. शेतात राबणे सुटावे म्हणून ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकवले, ती आपली वडीलधारी मंडळी विचारतात, की एवढे शिकून सातासमुद्रापार गेलात, ते लेकरांच्या हाती पुन्हा कुदळ देण्यासाठी का?

या प्रश्नाला जुन्या पिढीचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नाही. त्यामागे शेकडो वर्षांचा अनुभव उभा आहे. आणि हा प्रश्न केवळ आपलाही नाही. ज्या देशात आपण आज राहतो, तेथील कृष्णवर्णीय समाजाने गुलामी संपल्यापासून हाच प्रश्न स्वतःला विचारला, त्यावर कडाक्याचे वाद घातले आणि अलाबामा, मिसिसिपी व जॉर्जिया या तीन राज्यांत त्याची तीन निरनिराळी उत्तरे शोधून पाहिली. ती उत्तरे एकामागून एक वाचली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीवरील श्रम माणसाला घडवतात की खचवतात, हे जमीन, हिशेब आणि निर्णय कोणाच्या हाती आहेत यावर ठरते.

वतनाची जमीन

आधी आपला स्वतःचा इतिहास पाहू. महार समाजाकडे जमीन मुळीच नव्हती असे नाही. वतनाची जमीन होती. परंतु तिच्या मोबदल्यात सांगावे पोहोचवायचे, हद्दीची साक्ष द्यायची, गावात आलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या दिमतीला उभे राहायचे, मेलेली गुरे ओढायची. या कामाला ना वेळ होती ना मर्यादा. घरातील कर्ता पुरुष नसेल तर कुटुंबातील दुसऱ्या कोणाला तरी हजर व्हावे लागे. जमिनीचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन इतका लहान झालेला असे, की त्यावर पोट भरत नसे. मात्र त्या तुकड्याने सारे घराणे गावकीला बांधून ठेवलेले असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते याच कारणाने. वतनामुळे माणसाचा स्वाभिमान आणि पुढे जाण्याची ईर्षा दोन्ही मारली जातात, अशी त्यांची भूमिका होती. ही वतने कायद्याने संपुष्टात येण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून ‘श्रमाची प्रतिष्ठा’ हा शब्दप्रयोग ऐकला की आपली माणसे सावध होतात. कोणाच्या श्रमाची आणि कोणी दिलेली प्रतिष्ठा, हे त्यांना आधी विचारावेसे वाटते. जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला, त्याचेही मूळ याच अनुभवात होते.

परंतु यावरून बाबासाहेब शेतीपासून तोंड फिरवून बसले होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. परदेशातून परतल्यावर १९१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक महत्त्वाचा निबंध भारतातील लहान शेतजमिनींवरच आहे. जमीन केवळ आकाराने लहान म्हणून तोट्यात जात नाही. तिला भांडवल आणि अवजारे पुरेशी मिळत नाहीत आणि तिच्यावर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, म्हणून ती तोट्यात जाते, असे त्यांनी मांडले आणि औद्योगिकीकरणाचा उपाय सुचवला. १९४७ साली ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना ती सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी योजना मांडली. तीत जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर या तिन्ही पायऱ्या पुसून टाकलेल्या होत्या. त्यांचा विरोध नांगराला नव्हता; नांगराला जुंपलेल्या जातीला होता.

टस्कीगीच्या विटा

मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव नवे नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ साली आलेल्या पुस्तकाने अलाबामातील ती संस्था महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचवली. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ते पुस्तक वाचले आणि गुलाम आईच्या पोटी जन्मलेला तो मुलगा शास्त्रज्ञ झाला, हे वाचून बळ घेतले. पण कार्व्हर तेथे जाण्यापूर्वीची पंधरा वर्षे आपल्या प्रश्नासाठी अधिक महत्त्वाची आहेत.

४ जुलै १८८१ रोजी टस्कीगीची शाळा सुरू झाली, तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन पंचविशीत होते. त्यांचा जन्मही गुलामीतला. पुढे त्यांनी गावाजवळील एका ओसाड मळ्याची सुमारे १०० एकर जमीन उसने पैसे घेऊन विकत घेतली आणि विद्यार्थ्यांना रान साफ करायला सांगितले. विद्यार्थी नाराज झाले. त्यांतले काही आधी शाळेत शिकवत होते. शिकायला आलो ते शेतातून सुटण्यासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा आणि आपल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप शब्दशः एक आहे. वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे झाले, तेव्हा कुठे मुले त्यांच्या मागे निघाली.

मग विटांचे काम निघाले. इमारत बांधायची होती आणि गावात वीटभट्टी नव्हती. विटा पाडणे हे गुडघाभर चिखलात उभे राहण्याचे काम; त्यामुळे काही जण शाळाच सोडून गेले. एकामागून एक तीन भट्ट्या बिघडल्या. हातचे पैसे संपले, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. पुढे त्या विटा आसपासचे गोरे लोकही विकत घेऊ लागले. संस्थेच्या बहुतेक इमारती विद्यार्थ्यांनी स्वतः बांधल्या. वीट पाडताना माती ओळखणे, भट्टीची आच राखणे आणि फसलेले काम पुन्हा उभे करणे त्यांच्या अंगी आले. माल विकताना भाव ठरवणे आणि गिऱ्हाईक सांभाळणेही आले.

१८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवातून पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीला आले. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत चवळी, भुईमूग आणि रताळी घेऊन तिचा कस परत कसा आणावा, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि साध्या भाषेतील पत्रके काढली. १९०६ पासून तर शाळाच गाडीवर चढली. अवजारे, बियाणे आणि प्रात्यक्षिकाचे साहित्य भरलेली ‘जेसप वॅगन’ वस्तीवस्तीवर जाऊ लागली. ज्याला शाळेपर्यंत येता येत नव्हते, त्याच्या बांधापर्यंत शाळा गेली.

हे सारे मोठे होते. पण त्यात एक पोकळी होती. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील भाषणात वॉशिंग्टन यांनी आपल्या समाजाला असा सल्ला दिला, की राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवून शेती आणि कारागिरीत पाय रोवावेत. प्रतिष्ठा मागाहून येईल. गोऱ्या धनिकांना हे भाषण अतिशय आवडले. सहाच वर्षांनी, १९०१ साली, अलाबामाने नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला. कसब हाती होते, विटा उत्तम निघत होत्या, पण मतपेटी बंद झाली होती.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये नेमक्या याच पोकळीवर बोट ठेवले. मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण सोडून दिले, तर नुसत्या कसबाच्या बळावर माणूस मिळवलेले राखू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच डु बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, याचा उल्लेख करून संयुक्त राष्ट्रांकडे त्यांच्या समाजाने केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

कोलंबियातील एक शिक्षक

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. वॉशिंग्टन यांचे निधन नोव्हेंबर १९१५ मधले. म्हणजे कसब आधी की हक्क आधी, हा वाद ऐन भरात असताना आपला तरुण विद्यार्थी त्याच देशात वाचत, लिहीत आणि पाहत होता. त्याच्या शिक्षकांत जॉन ड्यूई होते, आणि हाताने काम करीत शिकण्याच्या विचाराला अमेरिकेत पाया दिला तो ड्यूई यांनीच. १८९६ साली शिकागोत त्यांनी चालवलेल्या प्रयोगशाळेत मुले स्वयंपाक करीत, विणकाम करीत आणि बागही फुलवीत.

मात्र ड्यूई यांनी एक इशाराही दिला होता. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये ते मांडतात, की मुलांना बागकाम द्यायचे ते पुढे माळी करण्यासाठी नव्हे आणि वेळ घालवण्यासाठीही नव्हे, शेतीचा मानवी इतिहासातील वाटा, माती, प्रकाश, कीटक यांचे शास्त्र आणि समाजाची घडण हे सारे त्या वाफ्यातून उलगडते म्हणून. गरिबांच्या मुलांना केवळ धंद्याचे शिक्षण आणि धनिकांच्या मुलांना विचाराचे शिक्षण, अशी वाटणी झाली तर शिक्षणच वर्गभेद पक्का करील, हेही त्यांनी बजावले. एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला डोके असे माणसांचे दोन ढीग करणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल; पण ड्यूई यांच्या विचाराने त्या अनुभवाला शास्त्रीय भाषा दिली असावी, असे मानायला जागा आहे.

मिसिसिपीतील काटा

आता कापसाच्या प्रदेशात जाऊ. गुलामी १८६५ साली संपली. त्या वर्षी जानेवारीत जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिणेच्या किनारपट्टीवरील सुमारे चार लाख एकर जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांत द्यावयाची ठरली. वर्ष संपण्याच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. मग सुरू झाली अर्धेली. जमीन मालकाची, बियाणे मालकाच्या दुकानातून उधार, कापूस मालकाच्या काट्यावर आणि हिशेब मालकाच्या वहीत. साल सरले तरी उधारी फिटत नसे. आपल्याकडच्या सालगड्याची उचल आठवावी, म्हणजे वेगळे सांगायला नको.

फॅनी लू हेमर यांचा जन्म १९१७ साली अशाच एका कुटुंबात झाला. २० भावंडांत त्या धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या आणि थोड्याच इयत्तांनंतर शाळा सुटली. पुढे रूलव्हिलजवळच्या एका मळ्यावर त्या हजेरी आणि वजनाची नोंद ठेवू लागल्या. ‘मापात पाप’ ही आपली म्हण त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मालकाच्या काट्याचे वजन खोटे आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्या स्वतःचे खरे वजन लपवून शेतात नेत आणि मालक दृष्टीस पडेपर्यंत मजुरांचा कापूस त्या वजनाने मोजत. घाम तोच, कापूस तोच. काटा बदलला की मजुरी बदलत होती.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या काही सोबत्यांबरोबर मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियानोला येथे गेल्या. परत आल्यावर मालकाने सांगितले, की अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अर्ज आपण स्वतःसाठी केला आहे, मालकासाठी नव्हे, असे उत्तर देऊन त्यांनी त्याच रात्री अठरा वर्षांचे घर सोडले. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना जन्मभर पुरेल इतकी मारहाण झाली. तरी ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथे त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे दिलेली साक्ष साऱ्या देशाने ऐकली.

मताधिकाराचा कायदा १९६५ साली झाला. पण मत मागणाऱ्याची चूल बंद पाडता येते, हे त्यांनी पाहिले होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात लिफ्लोर काउंटीने गरिबांना मिळणारे सरकारी धान्य थांबवले, कारण तेथील लोक मतदार नोंदणीला जाऊ लागले होते. चवदार तळ्यानंतर गावोगाव आपल्या माणसांवर जे बहिष्कार पडले, त्यांची ही सख्खी बहीण. हेमर सांगत, की ज्या घरी हिवाळ्याची भाजी बरण्यांत भरून ठेवलेली असते, त्या घराला काय बोलावे आणि काय बोलू नये हे कोणी शिकवू शकत नाही.

म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सनफ्लॉवर काउंटीत ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी राहिली. आधी ४० एकर आणि काही काळाने आणखी ६४० एकर. काही जमिनीवर कर्ज फेडण्यासाठी कापूस आणि सोयाबीन, उरलेल्या जमिनीवर खाण्यासाठी भाजीपाला. महिन्याला एक डॉलर वर्गणी ठरली. पण ती देऊ शकणारी कुटुंबे मोजकीच, म्हणून न देणाऱ्यालाही भाजी मिळे.

या शेतीतील सर्वांत बोलकी कल्पना म्हणजे डुकरांची बँक. नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या महिला संघटनेने सुमारे ५० डुकरे दिली. गाभण मादी एका कुटुंबाला द्यायची. पिल्ले झाली की त्यांतली दोन बँकेला परत यायची आणि ती दुसऱ्या कुटुंबाकडे जायची. काही वर्षांत शेकडो घरांत मांस पोहोचले. आपल्याकडच्या बचत गटात आणि या बँकेत तत्त्वतः फरक नाही. येथे परतफेड सावकाराला होत नव्हती, शेजाऱ्याला होत होती. पिल्लू नीट वाढले नाही तर कोणाचे तरी घर उपाशी राहील, हे ठाऊक असल्याने पशुपालन, शब्द पाळणे आणि नोंद ठेवणे ही तिन्ही शिकवण एकाच गोठ्यात मिळत होती. अर्धेलीच्या हिशेबाची वही ज्यांनी कधी उघडलेली नव्हती, ते आता स्वतःच्या संस्थेच्या बैठकीत बसून पेरणीचे निर्णय घेत होते.

ही शेती टिकली नाही. निसर्गाचे आघात, भांडवलाची चणचण आणि थकलेला कर यांमुळे १९७० च्या दशकाच्या मध्यास जमीन गेली. १४ मार्च १९७७ रोजी हेमर यांचे निधन झाले. परंतु तेथे शिकलेली माणसे शिकलेलीच राहिली. आज रूलव्हिलमध्ये त्यांच्या नावाची स्मृतिबाग आहे आणि तेथे त्यांचा पुतळा उभा आहे.

जॉर्जियातील ५,७०० एकर

तिसरे उत्तर जॉर्जियाचे. ऑल्बनी या शहराच्या परिसरात चार्ल्स शेरॉड आणि शर्ली शेरॉड हे दांपत्य नागरी हक्कांच्या चळवळीत काम करीत होते. शर्ली यांच्या वडिलांची १९६५ साली एका गोऱ्या शेतकऱ्याने गोळी घालून हत्या केली होती. मतदार नोंदणीला गेलेल्या कुटुंबांना मळ्यांवरून हाकलले जात होते. यावर उपाय म्हणून १९६९ साली ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था नोंदवण्यात आली आणि सुमारे ५,७०० एकर जमीन घेण्यात आली. त्या काळी देशातील कृष्णवर्णीयांच्या मालकीचा तो सर्वांत मोठा सलग भूभाग होता.

तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. जमीन संस्थेची, ती विकायची नाही. कुटुंबांना घरासाठी आणि कसण्यासाठी दीर्घ मुदतीचा पट्टा. त्यामुळे एखादा कुटुंबप्रमुख कर्जात बुडाला तरी सावकार जमिनीवर हात ठेवू शकणार नव्हता. भारतात भूमिहीनांना मिळालेल्या जमिनी पुढे कशा हातच्या जातात, हे आपण पाहिले आहे. त्यावरचा हा एक तोडगा होता. आज अमेरिकेत अनेक शहरांत परवडणाऱ्या घरांसाठी वापरली जाणारी सामुदायिक भूविश्वस्त पद्धत येथूनच सुरू झाली, असे मानले जाते. शेतात भुईमूग, मका, सोयाबीन आणि द्राक्षे होती, डुकरे होती, रस्त्याकडेला स्वतःचे विक्रीकेंद्र होते. वस्ती कशी असावी, शाळा कोठे असावी, याचे आराखडे कुटुंबांनी एकत्र बसून केले होते.

पण गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या विरोधामुळे अपेक्षित केंद्रीय अनुदान मिळाले नाही आणि जमिनीवरचे कर्ज डोक्यावर राहिले. मग दुष्काळ पडला. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना आपत्कालीन कर्जे मिळाली. न्यू कम्युनिटीजचे कर्ज कृषिखात्याच्या दारात वर्षानुवर्षे अडले. १९८५ साली जमीन गेली. ही एकट्या संस्थेची कथा नाही. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७ च्या कृषिगणनेत ते ५० हजारांच्या आत आले. त्यांना कसणे येत नव्हते म्हणून नव्हे. कर्जाच्या टेबलामागे, न्यायालयात आणि नोंदणीच्या कचेरीत ते एकटे पडले, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

येथेच संघटनेचे मोल कळते. भेदभाव झालेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषिखात्यावर खटला भरला. ‘पिगफर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि २००९ साली न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली. एवढी वर्षे कागद जपून ठेवणारी, नोंदी सांगू शकणारी आणि एकमेकांना न सोडणारी माणसे होती, म्हणून ती मिळाली. २०११ साली संस्थेने ऑल्बनीजवळ सुमारे १,६०० एकरांचा एक जुना मळा विकत घेतला. एके काळी तेथे गुलाम राबत होते. त्यांच्या वारसांनी त्याचे नाव ‘रिसोरा’ ठेवले आणि तेथे शेतीबरोबर प्रशिक्षणही सुरू केले.

आपल्या वाफ्यात काय पेरायचे

तीन राज्यांतील या तीन प्रयोगांना शेजारी ठेवले, की वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. टस्कीगीने कसब दिले, पण हक्क थोपवून धरले; म्हणून कसब अपुरे पडले. फ्रीडम फार्मने कसबाला मताधिकाराची आणि स्वतःच्या काट्याची जोड दिली. भांडवलाने दगा दिला. न्यू कम्युनिटीजने जमीनच विकता येणार नाही अशी रचना केली आणि ती गेल्यावरही हिशेबाच्या व न्यायालयाच्या बळावर पुन्हा उभी राहिली. आपल्याकडे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ते काम मागायला गेले नव्हते, काम तर त्यांच्या पाठीला पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेले होते. ते सातबाऱ्यावर नाव मागायला गेले होते. मराठवाड्यात गायरानासाठी झालेल्या पुढच्या लढ्यांचाही अर्थ हाच.

आपल्या मुलांच्या बागेला हा इतिहास कसा जोडायचा? माझ्या मते, कामाची वाटणी बदलून. वाफा खणायला मुले आणि हिशेब, अर्ज, बैठक मोठ्यांकडे, ही सवय आपण मोडली पाहिजे. बागेच्या वर्गणीची वही दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावी. काय पेरायचे, याची बैठक मुलांनी घ्यावी, अध्यक्ष पाळीपाळीने बदलावा आणि ठरावाची नोंद मराठीत व्हावी. मराठी लिहायला तेवढेच निमित्त. खणणे मुलग्यांचे आणि निवडणे-धुणे मुलींचे, असे होऊ देऊ नये. भाजी किती निघाली हे मुलांनी स्वतः तोलावे आणि काट्याची गोष्ट त्यांना तेव्हा सांगावी. अलाबामा आणि जॉर्जियाची जी जमीन आपण या लेखात पाहिली, तीवरून मस्कोगी लोकांना हाकलले गेले होते, हेही त्यांना कळू द्यावे. कारण सातबाऱ्याचा प्रश्न आपल्यापुरता विचारून चालत नाही. आणि उन्हाळ्यात सहलीचा बेत करताना टस्कीगीचे कार्व्हर संग्रहालय आणि रूलव्हिलची स्मृतिबाग यांचा विचार व्हावा. डिस्नेच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा मुलांना तेथे अधिक काही मिळेल.

आपल्यातले बरेच जण संगणकावर काम करतात. आपल्या धंद्यातही हाच नियम आहे. ओळी लिहिणारे हात खूप असतात. काय बांधायचे आणि नफा कोणाचा, हे ठरवणाऱ्या खुर्च्या थोड्या असतात. त्या खुर्चीत बसण्याची तयारी बालपणी एका लहान बैठकीत, दोन वाफ्यांच्या वाटणीवरून भांडताना आणि मिटवताना सुरू होऊ शकते.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या तरुणपणातील दोन प्रसंग दिले आहेत. एकदा तो मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर गेला. भर उन्हात अपुऱ्या कपड्यांत नांगरणारे, बांध घालणारे मजूर पाहून तो अस्वस्थ झाला आणि कष्ट एकाने करायचे व फळ दुसऱ्याने खायचे हे न्याय्य कसे, असे त्याने विचारले. दुसरा प्रसंग वप्पमंगलाचा. पेरणीच्या या सणाला प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरावा अशी रीत होती. सिद्धार्थ दर वर्षी नांगर धरीत असे. विद्वान असूनही त्याला अंगमेहनतीचा कमीपणा वाटत नव्हता. जो नांगर धरायला लाजला नाही, त्यानेच नांगराच्या फळावर हक्क कोणाचा, हे विचारले. आपल्या मुलांनी या दोन्ही गोष्टी एकाच वाफ्यात शिकाव्यात, एवढेच मागणे आहे.

जयभीम!